चालू लेथ पेटीत घालण्याचा आदेश

‘वाशीमच्या इंजिनियरिंग कॉलेजातील लेथ विद्यार्थ्यांनी चालू केल्यामुळे तो बंद करून पुन्हा पेटीत घालण्याचा आदेश निघाला आहे.’ हे वाक्य मी बातमीत लिहिले होते. छापून आले तेव्हा ते ‘कॉलेजातील नादुरुस्त लेथ लवकरच दुरुस्त होणार’ असे झाले होते. अकोल्याच्या डेस्कवरच्या उपसंपादकाला मूळ वाक्यात अर्थ सापडला नाही. वार्ताहराने घाईत उलटसुलट लिहिले असेल, असे समजून त्याने ते सुधारले. सुधारलेले वाक्य कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल असे होते. फक्त ते खोटे होते.

निवृत्त तालुका वार्ताहराकडे दिवाळी अंक गमतीदार अनुभव मागतात. तसे अनुभव आहेत. उद्घाटनाची फीत पाहुण्यांच्या आधी बकरीने खाल्ली, ती बातमी मीच दिली होती. हा अनुभव त्या जातीचा नाही. तो आठवला की अजून राग येतो. राग आला की विशेषणे गाळावीत, असे माझ्या पहिल्या संपादकांनी शिकवले होते. तेवढे पथ्य पाळून लिहितो.

बाहेरच्या वाचकांसाठी धंद्याबद्दल थोडे. सत्तरच्या दशकात वाशीम जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. तालुका वार्ताहर बातमी हाताने लिहितो, कागदाच्या एकाच बाजूला. पाकीट दुपारच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो. अकोल्याच्या स्टँडवर पेपरचा माणूस ते उतरवून घेतो. फारच तातडीचे असेल तर ट्रंककॉल लावायचा आणि तो लागेपर्यंत पोस्टाच्या बाकावर बसायचे. बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा आणि का, एवढे असावे लागते. जागा कमी पडली की डेस्क पहिल्यांदा ‘का’ कापते.

छापून आलेल्या बातमीचे सर्वांत बारकाईने वाचन सरकारी कचेरीत होते. तिथे कात्री तयार असते. कात्रण फाइलला लागते, फाइल वर जाते आणि ‘खुलासा करावा’ असा शेरा घेऊन खाली येते. बातमी खरी आहे की खोटी, हा प्रश्न या प्रवासात कुठेही येत नाही.

कॉलेज गावाबाहेर होते. तिथे डिप्लोमापर्यंतचे शिक्षण मिळे, पण लोक त्याला इंजिनियरिंग कॉलेजच म्हणत. नाव देत नाही. त्या नावाने ते आता उरलेलेही नाही. दगडी इमारत, मागे पत्र्याची मोठी कार्यशाळा, आणि कार्यशाळेच्या मागच्या ओट्यावर ओळीने ठेवलेल्या लाकडी पेट्या. त्या पेट्यांत लेथ होते. लेथ म्हणजे लोखंड कातण्याचे यंत्र. लोखंडाचा तुकडा यंत्रात धरून फिरवायचा, त्याला धारदार टूल लावायचे, आणि हवा तो गोल, निमुळता किंवा आट्यांचा आकार काढायचा. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला लेथ येत नसेल तर त्याला काय येते, असा प्रश्न पडतो.

पेट्या रेल्वेने आल्या होत्या आणि आल्या तशाच होत्या. कारण असे. महागडी यंत्रे आली की पेटी समितीसमोर उघडायची, असा नियम. समितीत तीन जण: वरच्या कार्यालयाचा अधिकारी, यंत्र पुरवणाऱ्याचा प्रतिनिधी आणि कॉलेजचे प्राचार्य. तिघे एका दिवशी वाशीमला आले नाहीत. वरच्या कार्यालयाचे म्हणणे, यंत्र बसवायचा पाया आधी तयार करा, मग समिती येईल. पाया बांधणारे खाते म्हणे, पायाचा नकाशा द्या. नकाशा पुरवठादाराने यंत्रासोबत पाठवला होता. तो पेटीत होता.

हे मी रचून सांगत नाही. हेडक्लार्क बापूराव यांनी ते मला खुर्चीत बसवून, चहा पाजून, क्रमाने समजावून सांगितले. सांगताना ते हसले नाहीत. त्यांच्या मते यात कोणाचेच चुकलेले नव्हते.

दर दसऱ्याला कार्यशाळेत हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होई. यंत्रे पेट्यांत असल्यामुळे पूजा पेट्यांची होई. फळ्यांवर हळदकुंकू, पट्ट्यांना झेंडूची माळ, आणि प्राचार्य पहिल्या पेटीसमोर नारळ फोडत. पेट्या किती वर्षांच्या, हे फळीवर साठलेल्या कुंकवाच्या थरांवरून कळे.

मग विद्यार्थी लेथ शिकत कसे? शिकत नसत. परीक्षेला प्रत्येकाने स्वतः कातलेला एक लोखंडी तुकडा दाखवावा लागे, त्याला ‘जॉब’ म्हणतात. हे जॉब अकोल्याच्या टर्निंगच्या दुकानातून विकत येत. त्यावर विद्यार्थ्याचा नंबर ठोकायचा. परीक्षा झाली की जॉब पुढच्या वर्गाला द्यायचा. पुढचा वर्ग कानस मारून जुना नंबर काढी आणि आपला ठोकी. कानस खाऊन खाऊन जॉब दरवर्षी थोडे बारीक होत. ते खूपच बारीक झाले की नवे आणत. कॉलेजात हे सगळ्यांना माहीत होते, आणि माहीत असलेल्या गोष्टीबद्दल बोलायचे नाही, ही तिथली शिस्त होती.

विश्वनाथ गोटे हा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. किन्हीराजा गावचा. वडील रस्त्याच्या कामावर मजूर, घरातून कॉलेजात आलेला हा पहिलाच. डिप्लोमा झाला की साखर कारखान्याच्या यंत्रविभागात लागायचे, एवढा त्याचा बेत होता. घरच्यांचाही दुसरा बेत नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी पास झालेला एक हुशार मुलगा अशाच एका कारखान्यात निवडीला गेला. फोरमनने त्याला लेथसमोर उभे केले आणि म्हणाला, चालू कर. मुलाला कुठला दांडा ओढायचा ते कळेना. फोरमन म्हणाला, “कॉलेजात काय मशीनचा फोटो दाखवते काय?” मुलगा परत आला आणि होस्टेलच्या मेसमध्ये त्याने ही हकीकत स्वतःच रंगवून सांगितली. सगळे हसले. विश्वनाथ म्हणाला, “त्याले नाई आलं म्हनून हसून राह्यले. आपल्यातल्या कोनाले येते? सांगा.”

त्या दसऱ्याला प्राचार्यांनी नारळ फोडल्यावर विश्वनाथने विचारले, “सर, यंदा पेटी उघडून मशीनचीच पूजा केली तर?” प्राचार्य हसले. प्रसाद वाटला गेला.

त्याने लेखी अर्ज केला. पुन्हा केला. प्रत्येक वेळी बापूरावांनी ‘विचाराधीन’ असे सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत होस्टेल रिकामे झाले, तेव्हा तो गावी गेला नाही. त्याच्यासोबत जयकुमार होता. हा वाशीमच्या एका जैन लोखंड-व्यापाऱ्याचा मुलगा, त्याच वर्गातला, बोलण्यात तिखट. सिव्हिलची काही मुलेही थांबली. दुष्काळाची वर्षे नुकतीच सरली होती, सिमेंट परमिटवर मिळे. जयकुमारच्या वडिलांनी ते आपल्या दुकानातून दिले.

मुलांनी एक पेटी उघडली. वरच तेलकागदात गुंडाळलेला नकाशा होता. त्यावरून सिव्हिलच्या मुलांनी कार्यशाळेची फरशी फोडून पाया घातला आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत त्यावर पाणी मारले. पाइपांवरून लोळवत, सब्बल लावत, लेथ आत आणला. पाण्याची लेव्हल लावून बसवला. विजेची मोठी लाइन एका मंत्र्यांच्या भेटीच्या वेळी कार्यशाळेपर्यंत आली होती. तिच्यावर तोवर पंखे फिरत होते.

सुट्टी संपताना मला जयकुमारने बोलावले. मी गेलो तेव्हा लेथ चालू होता आणि विश्वनाथ त्यावर एक तुकडा कातत होता.

“साहेब, तिथी नका उभे राहू,” तो मान वर न करता म्हणाला. “बुरादा उडते. डोळ्यात गेला त बातमी आमच्यावरच लिहान.”

“लिहू दे नं बे,” जयकुमार म्हणाला. “नाव त छापून येईन.”

“परवानगी घेतली का?” मी विचारले. वार्ताहराला हे विचारावेच लागते.

“मांगतली होती,” विश्वनाथ म्हणाला. “बापूराव म्हने, विचाराधीन हाय. म्या म्हनलं, तुमचा विचार होईस्तोर आमी म्हातारे होऊ. ते म्हने, होऊन जा.”

“मग हे कोणी शिकवले?”

“कोनी नाई. पेटीत पुस्तक होतं. इंग्रजीत. मी वाचो, हा मशीनले हात लावे.”

“हात लावे म्हनजे?” जयकुमार म्हणाला. “चटका खाये, म्हन.” त्याच्या अंगठ्याला फडके बांधलेले होते.

विश्वनाथने यंत्र थांबवले, तुकडा काढला, पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. तो गरम होता. “पहिला वाकडा गेला,” तो म्हणाला. “दुसरा बी गेला. हा तिसरा. हा परीक्षेले.”

होस्टेलच्या विहिरीवरचा पंप त्या उन्हाळ्यापासून बंद होता. त्याचा बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची धातूची नळी, झिजला होता आणि नवा मागवण्याचा कागद कुठेतरी फिरत होता. मुलांनी बुश लेथवर कातला. त्या दिवशी मी निघालो तेव्हा पंप चालू होता आणि मुले कपडे धूत होती.

मी बातमी पाठवली. कोण, काय, कुठे, केव्हा आणि का. ती जशीच्या तशी छापली गेली, ‘का’सकट. कॉलेजच्या शिपायाने दुसऱ्या दिवशी निरोप आणला: बातमीत ‘प्राचार्यांच्या मार्गदर्शनाखाली’ हे शब्द राहून गेले आहेत, ते दुरुस्तीत घ्यावेत. मी कळवले की मार्गदर्शन दिसले की जरूर घेईन.

आठवडा गेला नसेल, कात्रण वरून परत आले. समितीशिवाय पेटी कोणी उघडली, याचा खुलासा मागवला होता. मार्गदर्शनाचा दावा त्याच दिवशी मागे पडला.

विश्वनाथ आणि जयकुमार यांना नोटीस मिळाली. शासकीय मालमत्तेत विनापरवाना हस्तक्षेप, कार्यशाळेच्या फरशीचे नुकसान, आणि अनधिकृत उत्पादन. तिसरा आरोप पंपाच्या बुशचा होता. पंप मात्र कोणी बंद केला नाही. त्याचे पाणी प्राचार्यांच्या बंगल्यातही जात असे. शिक्षा अशी प्रस्तावित होती की दोघांची टर्म मंजूर करू नये. टर्म मंजूर नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे डिप्लोमा नाही.

पुढे अनेकांनी मला म्हटले, तुम्ही बातमी दिली नसती तर हे घडले नसते. याचे उत्तर मी तेव्हा दिले तेच आहे. बातमी खरी होती आणि चांगली होती. चांगल्या कामाची खरी बातमी ज्या कार्यालयाला गुन्ह्याची वर्दी वाटते, दोष त्या कार्यालयात शोधावा.

मी प्राचार्यांकडे गेलो. ते बाहेरगावचे, शांत, इस्त्रीच्या कपड्यांतले गृहस्थ होते. आवाज त्यांनी कधी चढवला नाही.

“लेथ चालतो का?” मी विचारले.

“तो मुद्दा नाही.”

“मुद्दा काय आहे?”

“यंत्र अजून कॉलेजच्या ताब्यात आलेले नाही. समितीने पेटी उघडली म्हणजे ते ताब्यात येईल. आज रेकॉर्डवर काय आहे? पेटी आहे.”

“पेटी उघडलेली आहे. लेथ कार्यशाळेत उभा आहे. मी पाहिला.”

“तुम्ही पाहिला असेल. रेकॉर्डवर नाही.”

“मुले दरवर्षी बाजारातले जॉब दाखवून पास होतात, ते रेकॉर्डवर आहे का?”

“जॉब दाखवले जातात, एवढे आहे.” त्यांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. “हे पाहा, मुलांचा उत्साह मला मान्य आहे. पण उत्साहालासुद्धा एक पद्धत असते. अर्ज करावा.”

“त्यांनी केले होते.”

“मग उत्तराची वाट पाहावी.”

आणीबाणी अजून लागलेली नव्हती. त्यामुळे या संभाषणाचे खापर तिच्यावर फोडता येत नाही. हा साधा, शांततेच्या काळातला, कामकाजाचा दिवस होता.

यंत्र उतरवायला मजूर आले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना आत येऊ दिले नाही. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, काचा फोडल्या नाहीत. वर्गही बुडवले नाहीत. वर्ग सुटला की आळीपाळीने लेथभोवती उभे राहत आणि एकमेकांना तो चालवायला शिकवत. प्राध्यापकांपैकी एकही जण तिकडे फिरकला नाही. मी एकाला कारण विचारले. तो म्हणाला, गेलो तर मान्यता दिल्यासारखे होते. हा गृहस्थ लेथ हाच विषय शिकवत असे.

गावात चर्चा होती, पण ती चहापुरती. जयकुमारचे वडील दुकानात मला म्हणाले, “पोट्ट्यानं चांगलं काम केलं, हे मले समजते. पन आता सरकार मले विचारीन का, सिमेंट कोन देलं? माहं नाव नका छापू बाप्पा.” मी छापले नाही.

काही दिवसांनी प्राचार्यांनी विश्वनाथला बोलावले. त्यांनी तोडगा काढला होता आणि तो त्यांना मनापासून न्याय्य वाटत होता. लेथ पुन्हा पेटीत घालावा. पेटी ओट्यावर ठेवावी. मग समिती येईल, रीतसर पेटी उघडेल, लेथ ताब्यात घेईल, आणि तो पुन्हा त्याच पायावर बसेल. नोटीस मागे. टर्म मंजूर.

हाच तो आदेश, ज्याचे वाक्य डेस्कला समजले नाही.

मी कार्यशाळेत गेलो तेव्हा दोघांत वाद चालू होता.

“अबे, येडा झाला का तू?” जयकुमार ओरडला. “चालू मशीन पेटीत घालतं का कोनी? दुनिया हसन.”

“हसू दे.”

“पेटीत गेली का पुन्हा निंगत नसते ती. लिहून घे. दसऱ्याले हार घालायले जाऊ आपन.”

“समिती येनार हाय म्हनते.”

“म्हनते! कोन म्हनते? तोच नं, जो विचाराधीन म्हने?”

विश्वनाथ लेथच्या लोखंडी बैठकीवर हात ठेवून उभा होता. “जय्या, तुले दुकान हाय,” तो म्हणाला. “मले हाच डिप्लोमा हाय. माह्या बापानं खडी फोडली याच्यासाठी. मी नाई म्हनू शकत नाई.”

जयकुमार म्हणाला, “त मजुराले फोडू दे. आपन कायले हात लावाचा?”

“मजूर आपटतीन. आपल्या हातानं घातली त नीट जाईन.”

दोघांनीच लेथ खोलला. प्रत्येक भाग रॉकेलने पुसला, ग्रीस लावले, तेलकागद गुंडाळला. मूळ फळ्या जपून ठेवलेल्या होत्या, त्याच लावल्या, खिळे मात्र नवे. हे पाहायला वर्गातली मुले जमली होती. बापूराव कचेरीतून आले, पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “झकास. आता कसं रेकॉर्डप्रमाणं झालं.” ते उपहासाने बोलले नव्हते. त्यांना खरोखर बरे वाटले होते.

समिती खरोखर आली. तिघेही आले. कॉलेजच्या इतिहासात समितीची ही पहिली पूर्ण बैठक होती. मी ओट्याच्या पायरीशी उभा होतो, मला कोणी हटकले नाही. वरच्या अधिकाऱ्याने पेटीला चक्कर मारली आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवले. पेटी पाठवताना तिला पत्र्याची पट्टी आवळून पुरवठादाराचा शिक्का मारलेला असतो. मुलांनी ती पट्टी कापली होती. कापल्याशिवाय पेटी उघडत नाही.

“पट्टी कुठे आहे?” अधिकाऱ्याने विचारले.

प्राचार्यांनी विश्वनाथकडे पाहिले.

“तोडली होती, सर,” विश्वनाथ म्हणाला. “ठेवली हाय. आनू का?”

“तोडलेली आणून काय उपयोग?” अधिकारी पुरवठादाराच्या प्रतिनिधीकडे वळला. प्रतिनिधी म्हणाला, शिक्का शाबूत नसलेल्या पेटीची जबाबदारी कंपनी घेणार नाही. अधिकारी म्हणाला, मूळ स्थितीत नसलेली पेटी ही समिती उघडू शकणार नाही. तिचा अधिकार मूळ स्थितीतल्या पेटीपुरता आहे. प्रकरण मार्गदर्शनासाठी वर पाठवावे लागेल.

“बाकीच्या पेट्या मूळ स्थितीत आहेत,” मी म्हणालो. वार्ताहराने मध्ये बोलू नये. पण कोणीच बोलत नव्हते.

“त्यांचा पाया कुठे आहे?” अधिकाऱ्याने शांतपणे विचारले.

चहा, चिवडा झाला. दुपारच्या गाडीने समिती परतली. पेटी ओट्यावर राहिली. मी तिथून निघालो तेव्हा जयकुमार दगडावर बसला होता. “लिहा साहेब,” तो म्हणाला. “लिहा, का समिती आली आन् चिवडा खाऊन गेली.” मी लिहिले. डेस्कने ‘समितीची कॉलेजला भेट’ असा मथळा देऊन दोन ओळी घेतल्या.

टर्म मात्र मंजूर झाली. प्राचार्यांनी शब्द पाळला, हे नोंदवले पाहिजे.

पुढचे मी पाहिलेले नाही. जयकुमारने सांगितले, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना एसटी स्टँडवर गाठून मी ते पडताळले. दोघांचे म्हणणे जुळले म्हणून लिहितो.

प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्यांनी आपापले जॉब टेबलावर ठेवले. विश्वनाथने स्वतः कातलेला ठेवला. परीक्षकांनी तो उचलला, माप लावले, उजेडात फिरवला आणि म्हणाले, “हा चांगला आहे. बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो. कुठल्या मशीनवर केला?”

“इथल्या लेथवर, सर.”

परीक्षकांनी प्राचार्यांना विचारले, “लेथ कुठे आहे? मला दिसला नाही.”

“कॉलेजकडे कार्यरत लेथ नाही,” प्राचार्य म्हणाले.

“मग हा जॉब?”

“त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही.”

विश्वनाथने सगळे सांगितले. पाया दाखवला, तो फरशीत तसाच होता, चार बोल्ट वर निघालेले. परीक्षकांनी प्राचार्यांना पुन्हा विचारले, हे खरे आहे का. प्राचार्य म्हणाले, “रेकॉर्डप्रमाणे यंत्र पेटीत आहे.”

परीक्षक मला स्टँडवर म्हणाले, “मला दिसत होतं हो, की पोरगा खरं सांगतोय. पण कॉलेजात लेथच नाही असं प्राचार्य सांगतात, तर त्यावर केलेल्या जॉबला मी गुण कसे देणार? मलाही वर उत्तर द्यावं लागतं.” बाकीच्या जॉबना गुण कसे दिले, असे मी विचारले. ते म्हणाले, “त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती.” त्यांची गाडी लागली आणि ते चढले.

त्याआधी परीक्षेच्या खोलीत शेवटचा प्रयत्न बापूरावांनी केला होता. एरवी हा माणूस वाईट नव्हता. त्यांनी विश्वनाथला बाजूला घेतले आणि अकोल्याचा एक जॉब त्याच्या हातात कोंबला. “घे बाप्पा. नंबर ठोकून आनला तुह्यावाला. हा ठेव टेबलावर, तो घाल खिशात. वर्ष वाचीन.”

“हा मी केला नाई, बापूराव.”

“कोनीच करत नाई! आजलोक कोन केला? सारे पास झाले का नाई?”

“म्या केला हाय,” विश्वनाथ म्हणाला, आणि स्वतःचा जॉब टेबलावर तसाच ठेवून बाहेर गेला.

तो प्रात्यक्षिकात नापास झाला. वर्गातला एकटा तोच. जयकुमारने अकोल्याचा जॉब ठेवला आणि तो पास झाला. त्यासाठी विश्वनाथने त्याला कधी बोल लावला नाही. जयकुमारने स्वतःला लावला की नाही, ते मला माहीत नाही. निकालानंतर प्राचार्यांची प्रेस नोट आली: कॉलेजचा निकाल उत्कृष्ट, प्रात्यक्षिकात विशेष यश. ती जशीच्या तशी छापली गेली. प्रेस नोटमधला ‘का’ कोणी कापत नाही, कारण तो तिच्यात नसतोच. मी विश्वनाथच्या निकालाची वेगळी बातमी पाठवली होती. ती आली नाही. ट्रंककॉल लावून विचारले तेव्हा उत्तर मिळाले की एक मुलगा नापास होणे ही बातमी नाही.

विश्वनाथने पुन्हा परीक्षा दिली नाही. दिली असती तर टेबलावर अकोल्याचाच जॉब ठेवावा लागला असता. साखर कारखान्याला डिप्लोमा हवा होता. किन्हीराजाला तो काही दिवस राहिला, मग अकोल्याला एका टर्निंगच्या दुकानात कामगार म्हणून लागला. ज्या दुकानांतून कॉलेजला जॉब जात, त्यांपैकीच ते एक. त्याच्या वडिलांनी खडी फोडणे सोडले नाही. सोडता आले असते, एवढाच हिशेब त्या घराने मांडला होता.

दोन-तीन वर्षांनी मी कामासाठी अकोल्याला गेलो असताना त्या दुकानात डोकावलो. वाशीमच्या कॉलेजची दोन मुले जॉब घ्यायला आलेली होती. विश्वनाथ त्यांना सांगत होता, “विकत भेटत नाई. बाह्या वर कर, मशीनवर उभा राह्य. दाखवतो. कर आन् ने.” मुले कुरकुरत होती, गाडी चुकेल म्हणत होती. त्याने एकाचा हात धरून दांड्यावर ठेवला. मालक सुट्टीच्या दिवशी यंत्र वापरू देतो, असे त्याने मला सांगितले. मुले वर्षभर येतात.

लोकांना ही हकीकत इथे संपलेली आवडते. डेस्कलाही आवडली. मी पाठवलेल्या मजकुराला त्यांनी मथळा दिला, ‘जिद्दी तरुणाची यशोगाथा’, आणि या वेळी पेपरात जागाही भरपूर निघाली. नापास केल्याचा परिच्छेद तेवढा गाळलेला होता. म्हणजे ज्या शिक्षणासाठी सरकार एक इमारत, एक प्राचार्य, प्राध्यापक आणि पेट्याभर यंत्रे पोसत होते, ते शिक्षण एक नापास ठरवलेला मजूर सुट्टीच्या दिवशी फुकट देत होता, आणि याला यश म्हणायचे होते. प्राचार्य बढतीवर गेले. त्यांची बातमीही मीच दिली.

तो पेपर घेऊन मी विश्वनाथकडे गेलो. त्याने उभ्यानेच वाचला, घडी केली, आणि लेथखाली ठिबकणाऱ्या तेलावर पसरला.

“साहेब,” तो म्हणाला, “मले असं मोठं नका करू. मोठं केलं का लोक म्हनते, पाहा, पोट्ट्याचं भलंच झालं. माहं भलं नाई झालं. मले येत होतं आन् मले नापास केलं. तेवढंच लिहा.”

त्या पेपरात ते कधी आले नाही. म्हणून इथे लिहितो: किन्हीराजाच्या विश्वनाथ गोटेला लेथ येत होता. त्याला नापास केले.